पाचटातला धूर आणि गाडीचा डबा



आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण गोष्ट शेतात सुरू झाली आणि धडाही शेतीचाच निघाला, म्हणून इथंच लिहितो. जरा लांब झाली आहे. ज्यांना पेट्रोलची गाडी थेट बांधावर नाहीतर पाचटावर नेऊन उभी करायची सवय आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. खालच्या दीड एकरातला ऊस तुटून आठ दिवस झाले होते. पाचट सगळं शेतातच. नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, सात वर्षं झाली आपण पाचट पेटवत नाही. बुडखे छाटतो, पाचट सरीत दाबतो, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू टाकून पाणी देतो. याच पानावर किती वेळा लिहिलंय, "पाचट पेटवू नका, जमिनीचं पोट जाळू नका."

त्या दिवशी अकलूजहून परत येताना गाडी दमच धरत नव्हती. शेवटचे चार-पाच किलोमीटर दुसऱ्या गिअरवर रेटत आणली. घरी न जाता तशीच खालच्या रानात घातली, मोटर चालू आहे का बघायला. गाडी उभी केली ती वळणावरच्या पाचटावर. पुतण्या बरोबर होता. विहिरीवर जाऊन यायला दहा मिनिटंही लागली नसतील.

परत येताना त्याला आधी वास आला. "तात्या, कुणी पेटवलंय का?" मी इकडंतिकडं बघितलं, कुठं काही दिसेना. आणि मग गाडीच्या पोटाखालून धुराची बारीक रेघ दिसली.

पळत गेलो. खाली वाकून बघितलं तर पाचट धुमसत होतं, आणि त्याच्या वर गाडीचा एक डबा अंधारात मंद लाल दिसत होता. लोहाराच्या भट्टीतून काढलेला फाळ थोडा निवल्यावर दिसतो तसा. गाडी न्यूट्रल करून दोघांनी ढकलून रस्त्यावर घेतली. पाठीवरच्या पंपात पाणी होतं, ते मारलं, राहिलेलं पायानं तुडवलं. हात-दोन हात जागा काळी झाली, बाकी काही नाही. पण वारा असता तर? शेजारी भावकीचा चार एकर ऊस तोडीची वाट बघत उभा होता. सात वर्षं पाचट न पेटवणाऱ्या माणसाच्या गाडीनं शेजाऱ्याचा ऊस पेटवला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मागं जातो. कारण हे एका दिवसात झालेलं नव्हतं.

दिवाळीच्या आसपास गाडीनं पहिली खूण दिली होती. समोरच्या पॅनलवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो, तो लुकलुकायला लागला. इंजिन उभं असताना थरथरायचं, थोड्या वेळानं आपोआप नीट व्हायचं. मी म्हणलं, वायरिंगचं काहीतरी असेल. दिवा बंद झाला की आपणही विसरतो. नंतर तो लुकलुकायचा थांबला आणि कायमचा पेटून राहिला. त्याचीही सवय झाली.

डिसेंबरात अ‍ॅव्हरेज पडलं. 18 देणारी गाडी 13 वर आली. मी पेट्रोलला दोष दिला, पंप बदलला. मग एअर फिल्टर बदलला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून टाकीत टाकायची औषधाची बाटली आणली. जानेवारीत पाहुण्यांना घेऊन नातेपुत्याहून शिंगणापूरचा घाट चढत होतो, तर अर्ध्या घाटात गाडी बसल्यासारखी झाली. पाय दाबला तरी इंजिनाचा आवाज वाढेना, वेग वाढेना. उतरल्यावर नासक्या अंड्यासारखा वास. मागं बसलेली आत्या म्हणाली, "बाळा, तुझी गाडी दमेकरी झालीय." सगळे हसले, मीही हसलो.

आत्याचं निदान बरोबर होतं. गाडीला श्वास सोडता येत नव्हता.

मी जे केलं ते आपण उसाच्या केवड्यात करतो तसलंच आहे. खोडव्याची पानं पिवळी-पांढरी पडली की पहिल्यांदा युरिया ओततो. पिवळेपणा जात नाही, मग अजून युरिया. चुनखडीच्या रानात लोह असून पिकाला मिळत नाही, ही गोष्ट तिसऱ्या पोत्यानंतर कुणीतरी सांगतं. पान पिवळं ही खूण आहे, रोग नाही. अ‍ॅव्हरेज पडणं हीसुद्धा खूणच होती. मी तीन महिने खुणेला खत घालत बसलो.

दुसऱ्या दिवशी गाडी जवळच्या गॅरेजला नेली. पोराने खाली वाकून बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, "कॅट गेलाय, तात्या. चोक झालाय."

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन आणि सायलेंसर यांच्या मध्ये बसवलेला स्टीलचा डबा. काही गाड्यांत तो इंजिनाला चिकटून असतो, आमच्या गाडीत पोटाखाली आहे. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते, शेकडो बारीक आरपार नळ्या. त्या नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या थरावरून जाताना त्यांचं कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन होतो. धातू स्वतः खर्च होत नाही, तो फक्त क्रिया घडवतो. रायझोबियम, पीएसबी वापरणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

हा डबा गार असताना काम करत नाही. साधारण 250 ते 300 अंशांना तो जागा होतो आणि चालत्या गाडीत 400 ते 800 अंशांत राहतो. म्हणजे चांगला असला तरी तो तापलेलाच असतो. वाळल्या गवतावर गाडी उभी करू नये म्हणतात ते यासाठी.

आपल्या देशात 1995 साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा डबा सक्तीचा झाला आणि त्याच वेळी तिथं शिसं नसलेलं पेट्रोल आलं. कारण शिशाचा थर त्या धातूंवर बसला की डबा कायमचा निकामी. 2000 सालापासून देशभर पेट्रोल शिसेविरहित झालं. एक डबा जगवायचा म्हणून पेट्रोलमधलं विष काढावं लागलं, आणि त्याचा फायदा पोराबाळांना झाला, ही गोष्ट मला आवडली.

तर गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "नवा कंपनीचा घ्यायचा तर 38,000 पर्यंत जाईल. त्यापेक्षा मी आतलं पोळं फोडून काढतो. नळी मोकळी. गाडी पळंल बघा कशी. आणि आतलं मटेरियल भंगारवाला चार-पाच हजाराला उचलतो. म्हणजे तुम्हालाच पैसे."

खरं सांगतो, मी विचारात पडलो. कारखान्याचं बिल आलेलं नव्हतं. डाळिंबाच्या छाटणीला मजूर लावायचे होते. पुतण्या तर म्हणाला, "काका, सगळेच करतात. पीयूसीचं बघून घेऊ."

घरी येऊन जेवताना सांगितलं. कारभारीण भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, शेजारच्यानं पाचट पेटवलं की तुम्ही फोनवर चार पानं लिहिता. आणि आता स्वतःच धूर सोडत गावभर हिंडणार होय? ते पण चार हजार घेऊन?"

पुढं बोलायला काही राहिलं नाही.

नियमातही ते बसत नाही. आमची गाडी 2014 ची, बीएस-4. अशा पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलवर कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत लागतं. डबा रिकामा केला की हे आकडे प्रामाणिकपणे येणं अवघड. मग "बघून घेऊ" म्हणजे खोटं सर्टिफिकेट. आपण कृषी विभागाच्या खोट्या पंचनाम्यांवर बोलतो, मग हे कसलं?

तरी नवा डबा लगेच घेतला नाही, त्याचं कारण एक म्हातारा मिस्त्री. ट्रॅक्टरचं काम त्याच्याकडं असतं, पूर्वी एस.टी.च्या डेपोत होता. त्याला नुसतं विचारायला गेलो होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला.

"डबा गेला हे दिसतंय. पण त्याला मारला कुणी?"

मी गप्प.

"तात्या, हा डबा आपणहून मरत नसतो. याला कोणीतरी मारतं. मारणारा इंजिनात बसलेला असतो. तो तसाच ठेवून नवा डबा लावला, तर तुझे अडतीस हजार सहा महिन्यांत वितळतील."

इथं मला आमची डाळिंबाची बाग आठवली. नऊ वर्षांपूर्वी मर लागून तीसेक झाडं गेली. मी काय केलं? झाडं उपटली आणि त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावून नांग्या भरल्या. वर्षभर रोपं छान दिसली. दुसऱ्या वर्षी बहराच्या तोंडावर तीच झाडं तशीच सुकली, आणि शेजारची आणखी पंधरा. मग कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांनी मुळं उपटून दाखवली. मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी, आणि रानाच्या त्या कोपऱ्यात पाणी साचून राहत होतं. मारणारा खड्ड्यातच बसला होता, आणि मी त्याच्या तोंडात नवी रोपं देत होतो. त्या कोपऱ्याला चर काढून निचरा करेपर्यंत तिथं एक झाड जगलं नाही. ते पैसे आणि ती दोन वर्षं अजून सलतात.

म्हणून मिस्त्रीला म्हणलं, "बघा तुम्हीच. घाई नाही."

त्यानं तपासणी कशी केली ते क्रमानं लिहितो. यातलं बरंचसं आपल्या ठिबकवाल्यांना लगेच कळेल.

पहिलं, गाडी पूर्ण गार असताना रबराच्या हातोडीनं डब्यावर हलकी टिचकी. आतून खडखड आवाज आला. पोळं सुटलंय किंवा फुटलंय याची ती खूण.

दुसरं, स्कॅनर. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतो, त्याला जोडला. दोन कोड निघाले. पी-0420, म्हणजे डब्याची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली. आणि पी-0303, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. मिस्त्रीनं दुसऱ्या कोडवर बोट ठेवलं. "पहिला कोड मेलेल्याचं नाव सांगतो. हा बघ, हा मारणाऱ्याचा पत्ता."

तिसरं, डब्याच्या आधी आणि डब्याच्या नंतर असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. आधीच्याचं व्होल्टेज चालू गाडीत 0.1 ते 0.9 असं सारखं वरखाली नाचतं, ते बरोबर आहे. डबा चांगला असेल तर नंतरच्या सेन्सरचं व्होल्टेज 0.6-0.7 च्या आसपास जवळजवळ स्थिर राहतं. आमचा मागचा सेन्सरही पुढच्याच्या तालावर नाचत होता. म्हणजे डब्यात काहीच घडत नव्हतं, जे आत गेलं तेच बाहेर येत होतं. मिस्त्रीनं बजावलं की नुसत्या या एका खुणेवर डबा बदलू नये. डब्याआधी पाइपाला गळती असेल किंवा सेन्सर खराब असेल तरी असला कोड येतो. म्हणून आधी पाइपाचे जोड तपासले. गळती नव्हती.

चौथी तपासणी मला सगळ्यात पटली. ठिबकला आपण फिल्टरच्या आधी एक गेज आणि नंतर एक गेज लावतो. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोवर गेला की समजायचं, फिल्टर तुंबलाय. इथंही तेच. मिस्त्रीनं डब्याआधीचा सेन्सर काढला आणि त्या भोकात दाबाचं गेज बसवलं. डब्याच्या पलीकडं तर हवाच मोकळी, त्यामुळं एकाच गेजवर फरक कळतो. चांगल्या गाडीत आयडलला हा दाब साधारण सव्वा पीएसआयच्या आत आणि 2,500 फेऱ्यांना 3 पीएसआयच्या आत पाहिजे. आमच्या गाडीत आयडलला 3 आणि 2,500 ला 8 आला. आपल्या भाषेत सांगायचं तर अर्धा किलोच्या वर. पाण्याच्या फिल्टरला जिथं आपण झाकण उघडून धुतो, तेवढा दाब गाडी धुराला ढकलायला वापरत होती. इंजिनाची ताकद चाकाला जाण्याआधी तिथंच मरत होती.

खात्री म्हणून त्यानं गेज काढून ते भोक मोकळंच ठेवलं आणि रस्त्यावर शंभर-दोनशे मीटर गाडी फिरवली. आवाज बुलडोझरसारखा, पण गाडी एकदम हलकी. धुराला वाट मिळाली की ताकद परत. डबा तुंबलाय यात शंका राहिली नाही.

आता मारणारा. डबा मारणारे मुख्य चार, असं मिस्त्री म्हणाला. एक, इंजिन ऑइल जळत असेल तर ऑइलमधल्या फॉस्फरस-जस्ताचा थर धातूंवर बसतो. दोन, हेड गॅस्केट गळून कूलंट जळत असेल तर त्याचाही थर बसतो. तीन, इंजेक्टर गळून किंवा सेन्सर चुकून पेट्रोल जास्त जात असेल. चार, मिसफायर. ठिणगी पडली नाही की सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता तसंच डब्यात जातं आणि डब्यात जळतं. मग डब्याचं तापमान हजार अंशांच्या पलीकडं जातं आणि पोळं वितळतं.

ऑइलची पातळी महिन्यात उतरली नव्हती. कूलंट जिथल्या तिथं. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आलं. प्लग काढले तर एक आणि दोन नंबरचे विटकरी-करडे, तीन नंबरचा काळा आणि पेट्रोलनं ओला. तीनची कॉइल एकला लावून बघितली, तर मिसफायर एकवर गेला नाही, तीनवरच राहिला. म्हणजे कॉइल ठीक. मग वायर. बॅटरी घेऊन तो हळूहळू वायरीवर बोटं फिरवत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

वायरीचं प्लास्टिक कुरतडलेलं होतं. आतली तांब्याची तार उघडी, चार-पाच धाग्यांवर टिकलेली. गाडी हलली की कधी चिकटायची, कधी सुटायची. बाजूला मक्याचे दोन दाणे आणि लेंड्या.

उंदीर!

ऑक्टोबरात मक्याची कणसं शेडात ओतली होती आणि गाडी त्याच शेडात उभी राहायची. गरम इंजिनावर उंदरांनी थंडीचा मुक्काम केला. मी मक्यात पिंजरे लावले, गाडीचं बॉनेट एकदाही उघडलं नाही.

आणि तो लुकलुकणारा दिवा! मिस्त्री म्हणाला, "दिवा नुसता पेटला तर सवडीनं ये. पण लुकलुकला तर समज, गाडी ओरडून सांगतीय की पेट्रोल न जळता डब्यात चाललंय, पाय काढ. तेव्हा आला असतास तर पन्नास रुपयाच्या वायरीत भागलं असतं."

आणखी एक गोष्ट निघाली, ती लिहायला लाज वाटते. डब्याखाली पत्र्याची एक ढाल असते, त्याची धग खाली जमिनीला लागू नये म्हणून. गेल्या पावसाळ्यात खड्ड्यात आपटून ती ढिली झाली आणि खडखडायला लागली. आवाज नको म्हणून मीच ती काढून टाकायला लावली होती. पाचट पेटलं ते नुसतं डब्यामुळं नाही. माझ्या कानाला आवाज नको होता, त्यामुळं.

दुरुस्ती उलट्या क्रमानं केली, म्हणजे आधी मारणारा आणि मग मेलेला. वायर कापून नवा तुकडा डाख देऊन जोडला, वर उष्णता सोसणारी नळी चढवली. तिन्ही प्लग नवे. कोड पुसले, इंजिन चालवून मिसफायर परत मोजला. शून्य. तेव्हाच नव्या डब्याची ऑर्डर दिली.

बाजारात बिनकंपनीचे डबे 9-10 हजारांतही मिळतात. मिस्त्रीचं म्हणणं, डबा आपल्या गाडीच्या बीएस टप्प्याचा आणि इंजिनाच्या मापाचाच पाहिजे. स्वस्तात कधीकधी धातूचा थर इतका कमी असतो की वर्षाच्या आत तोच कोड परत येतो. मी कंपनीचाच घेतला. 36,500 रुपये, वर गॅस्केट, बोल्ट आणि मजुरी. डाळिंबाची छाटणी पंधरा दिवस पुढं ढकलली. जड गेलं, पण केलं.

बदलताना बघितलेल्या चार गोष्टी, तुमच्या मिस्त्रीला सांगायला उपयोगी पडतील. आदल्या रात्री गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तरी एक स्टड तुटलाच, तो ड्रिल करून काढावा लागला. जुने गॅस्केट परत वापरले नाहीत. जोडावर साधं सिलिकॉन लावलं नाही, कारण त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. डब्यावर धुराच्या दिशेचा बाण असतो, तो बघून बसवला. आणि ढाल नवी आणून चार बोल्टांवर घट्ट केली. जॅकवरच्या गाडीखाली कुणी शिरलं नाही, आधी खाली घोड्या लावल्या. हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण गावाकडं नुसत्या जॅकवर भरोसा ठेवून माणसं गेलेली आहेत.

जुना डबा हातात घेऊन तोंडाशी बघितलं. मधला पोळ्याचा भाग वितळून गोळा झाला होता, कढईत काकवी करपून थिजावी तसा. काठाला थोड्या नळ्या मोकळ्या होत्या, तेवढ्यातून गाडी तीन महिने श्वास घेत होती. तो फोडायचा नाही, आतली धूळ फुप्फुसाला वाईट. पावती घेऊन डबा दुकानदाराकडंच जमा केला.

नवा बसवल्यावर परत गेज लावलं. आयडलला काटा जेमतेम हलला, 2,500 फेऱ्यांना एक पीएसआय. मागचा सेन्सर 0.65 वर शांत. चार दिवस वेगवेगळ्या रस्त्यांवर चालवली, कोड परत आला नाही. अ‍ॅव्हरेज 17 च्या वर गेलं. पीयूसी काढली, मशीनसमोर उभं राहून, दोन्ही आकडे मर्यादेच्या पुष्कळ खाली. गेल्या रविवारी आत्याला मुद्दाम शिंगणापूरला नेऊन आणलं. घाट तिसऱ्या गिअरवर चढली. आत्या म्हणाली, "औषध लागू पडलं बघ."

औषधापेक्षा निदान लागू पडलं, पण तिला काही बोललो नाही.

शेवटी आपल्यासाठी मोजकं.

लुकलुकणारा दिवा दिसला की गाडी रेटू नका. पाय काढा, हळू घरी आणा, आणि त्याच आठवड्यात स्कॅनर लावा.

धान्य, मका, पेंड असलेल्या शेडात गाडी राहत असेल तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडा. लेंड्या दिसल्या तर वायरींवर हात फिरवा.

पाचट, वाळलं गवत, गव्हाचं काड, कडब्याची गंज यांच्यावर किंवा लगत तापलेली गाडी उभी करू नका. ज्यांच्याकडं बीएस-6 डिझेल पिकअप आहेत त्यांनीही. त्यांच्या सायलेंसरच्या मार्गात काजळी धरणारा फिल्टर असतो, तो अधूनमधून स्वतःतली काजळी जाळून साफ होतो आणि तेव्हा भयंकर तापतो.

कुणी "आतलं फोडून टाकू" म्हणलं तर त्याला विचारा, फोडल्यावर मिसफायर जाईल का? तो जाणार नाही. डबा निदान मरून तरी सांगत होता. फोडल्यावर सांगणारंही कुणी उरत नाही.

आणि भाग बदलायच्या आधी, मग तो गाडीचा असो नाहीतर बागेतलं झाड, मारणारा सापडलाय का ते स्वतःला विचारा. मला हे दोनदा पैसे भरून शिकावं लागलं.

खोडव्याला फुटवे चांगले आहेत. काळ्या झालेल्या जागेतलेही दोन बुडखे फुटलेत. उद्या पहारीनं खताची पहिली मात्रा देतोय, त्याचे फोटो टाकीन. गाडी आता बांधाच्या बाहेर, मुरमावर उभी असते.